डायपरवाल्यांना प्रवेश नाही

ती. आईस, पाया पडते.

जहाजावर मी मजेत आहे, जेवणही वेळेवर मिळतं.

प्रवाशांची मुलं मी सांभाळते त्या आमच्या खेळघरात डायपर सुटलेल्या मुलांनाच घेतात. एका बाईंनी खोटं सांगून तीन वर्षांची लेक सोडली. पोरीनं गालिचा भिजवला, तर बाईंनी मलाच चारचौघांत निष्काळजी म्हटलं. साहेबांनी मला माफी मागायला लावली. मागितली, पण डूख धरला.

दुसऱ्या दिवशी बाई नटूनथटून नाचाला निघालेल्या, पोरीला डायपर घालून माझ्याकडे सोडायला आल्या! मी दारातच मोठ्यानं म्हणाले, "नियम आहे, बाई. सफर संपेपर्यंत हिला सांभाळा." त्यांचा उतरलेला चेहरा पाहून जीव थंड झाला.

पोरगी मात्र खेळघराच्या काचेला बाहेरून नाक लावून रडत होती.

आई, माझी छकुली अजून अंथरूण ओलं करते का? तिला रागावू नकोस.

तुझीच,
धाकटी