आईचे रिकामे हात

रविवार, संध्याकाळ

आज आईला डोंगरी गावात मावशीकडे नेलं. वर्षभर इथे सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमध्ये तिला भिजवलेले अक्रोड देतेय, मीठ कमी केलंय, गच्चीवर चालवतेय. तरी विसरणं वाढतंच आहे. डॉक्टर म्हणाले होते, आहार, चालणं आणि माणसांत राहणं. तिसरं माझ्याकडून राहूनच गेलं.

मावशीने तिच्यापुढे कोळंबीची टोपली सरकवली. मी म्हटलं, "राहू दे, ती दमेल."

"तू गप गो! ती काय पावनी हाय?"

आईची बोटं सुरू झाली. ती बोटं! सोलता सोलता शेजारणीला टोमणे, कुणाच्या हळदीत कोण रुसलं होतं, सगळं बिनचूक. घरी मासळी मीच साफ करून आणते. बाजारात हरवेल म्हणून तिला नेत नाही. जपलं की नुसतं बसवून ठेवलं? इतकी चपळ बोटं, आणि मी त्यांना वर्षभर काहीच दिलं नाही.

निघताना म्हटलं, "चल आई."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू जा बाय. माझी पोरगी येल न्यायला."

मावशीने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "तिनंच पाठवलंय मला."

तेव्हा कुठे ती रिक्षात बसली.