दादाच्या गाण्याचे सुटे ट्रॅक

सोमवार, १४ जून
दुपार

प्रिय दादा,

एरवी शिरसाष्टांग नमस्कार लिहिते, आज नुसता नमस्कार घे. इकडे सगळं ठीक. लेकीची परीक्षा संपली, ह्यांचा गुडघा आता जिना चढू देतो आणि घरमालकाने स्टुडिओच्या भिंतीतली ओल एकदाची काढून दिली. तू आणि वहिनी बरे आहात असं धरून चालते, कारण गेल्या सोमवारी फोनवर तू चांगला ठणठणीत होतास.

त्या फोनबद्दलच लिहायचं आहे. समोरासमोर बोलायला गेले तर तू मधेच काहीतरी गुणगुणायला लागशील आणि मी विरघळेन, म्हणून पत्र.

सोळा वर्षं तुझं प्रत्येक गाणं मी या खोलीत रेकॉर्ड केलं आणि वाद्यं-आवाज जुळवून मीच मिक्स केलं. आणि तू मला सांगितलंस, "या वेळी मिक्सिंग बाहेर करून घेतोय. तू फक्त ट्रॅक सुटे करून पाठव." फक्त. वर वहिनीच्या फोनवरून यादी आली. सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू व्हावेत, सगळ्यांची लांबी सारखी असावी, कुठलाही इफेक्ट नको, फाइलींना नावं नीट द्यावीत. स्वयंपाकिणीला कुणी चिठ्ठी पाठवावी की भांड्यांवर झाकण ठेवत जा, तसं वाटलं मला.

कारण विचारलं, तर म्हणालास, "हल्ली तुझ्या हातून माझा आवाज प्लास्टिकचा निघतो. त्या बाहेरच्या मिक्सवाल्यांनी मागची तीन गाणी ऐकली आणि लगेच ओळखलं." तुला वाटलं फोन कटला. "ऐकू येतंय का?" म्हणून ओरडलास. येत होतं.

तुला वाटत असेल, बटण दाबलं की झालं. गाण्याचे चोवीस ट्रॅक आहेत, प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा वेगळा. एकेक सुटा काढायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटा ऐकायचा, मग पुढचा. एकत्र वाजताना सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. एकटा काढला की उघडा पडतो. गिटारवाल्याची खुर्ची दुसऱ्या कडव्यात करकरते, ती इतके दिवस बासरीच्या आड लपली होती. ती साफ केली. नावांच्या बाबतीत मात्र तुझी यादी अगदीच अनाठायी नव्हती. गिटारच्या तीन फाइलींची नावं 'शेवटची', 'अगदी शेवटची' आणि 'हीच घे' अशी होती. बदलली.

बुधवारी संध्याकाळपर्यंत तेवीस ट्रॅक झाले. चोविसावा तुझा आवाज. त्याच्यावर मी केलेली कामं न काढता तसाच पाठवून दिला. विसरून नव्हे.

शुक्रवारी सकाळी तुझ्या त्या मिक्सवाल्याचा फोन आला.

"ताई, ट्रॅक फार स्वच्छ काढलेत. फक्त आवाजावर सुरांची दुरुस्ती दिसते. ती काढून कोरा आवाज मिळेल का?"

"आहे तो तसाच आहे," मी म्हटलं.

त्याने पुढचं विचारलं. "शेवटच्या कडव्यातल्या वरच्या दोन ओळी दुसऱ्या कुणी गायल्यात का? श्वास वेगळा वाटतो."

मी खुर्ची ओढून बसले.

"दादांना माहीत आहे?"

"मी सांगते त्यांना."

"बरं. तोवर मी गाण्याला हात लावत नाही," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा मनापासून द्वेष करायचं ठरवलं होतं मी. तेवढंही त्याने सुखासुखी करू दिलं नाही.

तर सांगते.

गळ्याच्या ऑपरेशननंतर तू चौथ्या महिन्यात गायला उभा राहिलास. काचेपलीकडून विचारलंस, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान." छान नव्हतं, दादा. सूर वर गेला की पायऱ्या चुकत होता. तू गेल्यावर मी एकेक सूर पकडून जागेवर बसवला. पुढच्या गाण्यालाही तेच. अशी तीन गाणी झाली आणि हे चौथं. पण याच्या त्या दोन ओळींत दुरुस्त करायला सूरच नव्हता, नुसती हवा येत होती. म्हणून त्या मी गायले. माझा आवाज जाड केला आणि तुझ्या जागी ठेवला. फोनवर आत्यासुद्धा आपल्या दोघांत गोंधळते, तेव्हा तुला कळणार नाही याची खात्री होती. कळलं नाही. उलट त्याच ओळी तू वहिनीला दोनदा ऐकवल्यास.

तेव्हा प्लास्टिक म्हणालास ना, ते दोन वर्षांचं माझं काम आहे. कुणी तुझी कीव करू नये म्हणून केलेलं. आणि त्याच कामापायी तू मला बाजूला काढलंस.

तुझाही राग येतो मला. डॉक्टरांनी आमच्या देखत सांगितलं होतं, पट्टी खाली घ्या. परतताना गाडीत तू म्हणालास, "पट्टी उतरवली की गायक संपला." त्यानंतर आमच्यापैकी कुणाची तोंड उघडायची हिंमत झाली नाही. एवढं मोठं घर आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघत. तरी लबाडी माझी. ती तुझ्यावर ढकलत नाही.

शनिवार-रविवार मी अख्खं गाणं खालच्या पट्टीत, काळी दोनवरून काळी एकमध्ये आणलं. गिटारवाला पुन्हा येऊन वाजवून गेला. बासरीवाले काका दुसरी, लांब बासरी घेऊन आले आणि कारण न विचारता वाजवून गेले. सगळे ट्रॅक परत सुटे काढले, तुझ्या यादीप्रमाणे.

सोबतच्या ड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत. पहिल्यात तुझा आवाज आहे, गळ्यातून आला तसा, मी बोटही न लावलेला. दार लावून एकटा ऐक. वरच्या ओळी ऐकवणार नाहीत. पण पहिलं कडवंही ऐक. तिथे खालच्या सुरांत एक खरखर आली आहे, पूर्वी नव्हती. ती मी घासून घासून गुळगुळीत केली. तो मूर्खपणा होता. तिथे तुझा मिक्सवाला बरोबर आहे.

दुसऱ्यात नव्या पट्टीतले तेवीस ट्रॅक. चोविसावा रिकामा आहे.

मिक्सिंग खुशाल त्याच्याकडून करून घे. पण गुरुवारी सकाळी येऊन तो ट्रॅक इथे गा. जुन्याच पट्टीत हट्ट करायचा असेल तर तोही माझ्यासमोर कर. जसं होईल तसं मी तोंडावर सांगेन, आणि तसंच पाठवेन. रागावून आलास तरी चालेल. पण ये.

अजून रागातच असलेली,
तुझी धाकटी बहीण