बिबट्या, लिफ्ट आणि माझा वीररस

मुलुंड (पश्चिम),
मंगळवार

तीर्थरूप भीमराजमामांस,
सम्यकचा सप्रेम जय भीम.

तुमचे गुडघे, मामींची साखर आणि ट्रॉम्बेचं हवापाणी ठीक असावं. रविवारपासून तिथे मुक्कामाला आलेल्या तुमच्या लेकीची, म्हणजे माझ्या बायकोची, तब्येत मात्र मी विचारत नाही. शर्मिष्ठा रागात असली की ठणठणीत असते. (हे पत्र मामांना लिहितोय. सासरे म्हणून वाचू नये.) तिनं काय काय सांगितलंय ठाऊक नाही, पण सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज तुमच्या मोबाइलवर पोचलं असेल, तर त्यात दिसतं तितकं ते वाईट नव्हतं. थोडं कमी वाईट होतं.

तुम्हांला आठवत असेल, माझ्या युद्धकवितांसाठी मी विचारलं होतं, की फौजेत असताना सीमेवर मरण समोर दिसलं, तेव्हा तुमच्या मनात काय यायचं. तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, "मोजे ओले होते रे. ते कधी सुकतील, एवढंच." आता मामा, मोजे वीररसात बसत नाहीत. (माझी नोकरी विम्याच्या कचेरीत, त्यामुळे मरणाशी माझा संबंध कागदोपत्री. अंदाजानंच लिहावं लागतं.) मी मोज्यांच्या जागी रक्तचंदन घातलं, ओल्याच्या जागी धगधगतं घातलं, आणि शेवटी सैनिक बायकोला म्हणतो, 'जा सखे, तू पुढे, मरणाशी मी बोलतो.'

रविवारी सोसायटीच्या सभागृहात मी ही कविता वाचली. टाळ्या पडल्या, दोन बायकांनी डोळे पुसले. (एकीला सर्दी होती, हे नंतर कळलं.) मिळालेला पुष्पगुच्छ शर्मिष्ठेच्या हातात देऊन आम्ही लिफ्टकडे निघालो, तोच वॉचमन ओरडला की जिन्याखाली बिबट्या आहे. आमच्या सोसायटीच्या मागेच जंगलाचा डोंगर, तेव्हा शंका घ्यायला वावच नव्हता. शिवाय ठिपके दिसले. त्यापुढचं मला नीट आठवत नाही, कॅमेऱ्याला आठवतं. मी लिफ्टच्या आत होतो, जाळीचा दरवाजा लागलेला होता, तो दोन्ही हातांनी मीच धरून ठेवला होता आणि शर्मिष्ठा बाहेर होती.

ती किंचाळली नाही. जाळीतून माझ्याकडे बघत म्हणाली, "मरणाशी तू बोलणार होतास ना रे? बोल की मग." आणि गुच्छ उगारून स्वतःच जिन्याकडे गेली. बिबट्या शेपूट हलवत बाहेर आला. तो सोसायटीचाच पिवळा कुत्रा होता, अंगावर रंगकामवाल्यांच्या काळ्या रंगाचे शिंतोडे. तिनं त्याला कार्यक्रमातलं बिस्कीट दिलं, रिक्षा केली आणि ट्रॉम्बे गाठलं.

खरं सांगतो मामा, लिफ्टमध्ये माझ्या मनात ना देश आला ना बलिदान. डावी चप्पल बाहेर राहिली, एवढंच घोळत होतं. तेव्हा तुमचे मोजे आठवले आणि फार शरम वाटली. घरी येऊन मी रक्तचंदन खोडलं आणि तिथे मोजे घातले. कविता आता गाजणार नाही, पण निदान खोटी नाही. शर्मिष्ठेशिवाय मला करमत नाही. चहा सवयीनं दोघांचा टाकतो आणि दोन्ही कप मलाच प्यावे लागतात.

मामींना जय भीम सांगा.

तुमचा भाचा (आणि जमल्यास जावई),
सम्यक

ता. क. – लष्करात याला 'डावपेचाची माघार' असं काहीतरी म्हणतात ना? तसं दोन ओळींत लिहून, खाली तुमचा हुद्दा घालून द्याल का? सोसायटीच्या फलकावर लावायचंय.

ता. क. २ – वरचं राहू द्या. खरं काम असं, की शनिवारी मी तिला न्यायला येतोय. तिनं दार उघडावं, एवढं तिला सांगा. निघताना लिफ्टमध्ये आधी ती शिरेल आणि जागा नसली तर मी जिन्यानं उतरेन. हे कवितेत नाही, साध्या कागदावर लिहून देतोय.

ता. क. ३ – तुमच्या जिन्यात कुत्री बसतात का, तेवढं आधी कळवा.