प्रवेशद्वारावरील फलक : डावीकडून तिसरे छायाचित्र

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय, पहिला मजला.

विषय : प्रवेशद्वारावरील फलकात माझ्या छायाचित्राखाली असलेल्या दोन ओळी सत्र सुरू होण्यापूर्वी झाकणेबाबत.

संदर्भ : १) छायाचित्र काढून टाकण्याविषयीचा माझा पहिला अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र.
३) खिडकी क्रमांक चारवरील लिपिकांशी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

मी आपल्या संगणकशास्त्र विभागाचा माजी विद्यार्थी आहे. माझी ओळख पटवण्यासाठी जुनी फाईल शोधण्याचे कष्ट घेऊ नयेत. आपल्या दालनाच्या खिडकीतून खाली पाहिल्यास फलक दिसेल. त्यातला डावीकडून तिसरा मी.

१. सदर फलकावर ‘आज आमच्या वर्गात, उद्या साऱ्या जगात’ असे ठळक अक्षरांत लिहिले असून त्याखाली ‘नोकरीस लागलेले विद्यार्थी’ या शीर्षकाने सात जणांची छायाचित्रे आहेत. सातही जणांच्या अंगात एकच कोट आहे. तो छायाचित्रकाराचा होता. मला ढगळ झाला म्हणून त्याने पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. छायाचित्राखाली माझे पद, कंपनी आणि वार्षिक वेतन या गोष्टी दोन ओळींत छापलेल्या आहेत. फलक लागला त्या दिवशी ते सारे खरे होते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

२. त्यानंतर आमच्या कंपनीत, काम तोंडाने सांगितले की प्रोग्राम लिहून देणारे यंत्र आले. मी आठवडाभर डोके खाजवून जे लिहीत असे, ते हे यंत्र माझा चहा निवायच्या आत लिहून देऊ लागले. शेवटचा महिना मला त्याचे काम तपासायला बसवले होते. म्हणजे जो माझ्या खुर्चीत बसणार, त्याच्याच वह्या मी तपासत होतो. पुढे आमच्या अकरा जणांच्या गटात दोघेच ठेवले, त्यांत मी नव्हतो. वरिष्ठांनी ही गोष्ट इतक्या गोड शब्दांत सांगितली, की मी त्यांचे आभार मानून बाहेर पडलो आणि नोकरी गेल्याचे मला जिन्यात कळले.

३. सध्या मी काकांच्या चष्म्याच्या दुकानात काम करतो. हे दुकान आपल्या प्रवेशद्वाराच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे आहे. माझ्या अर्जाचे मूळ या भूगोलात आहे. नवा चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवला, की त्याला दारात उभे करून समोरचे काहीतरी वाचायला सांगायचे, ही दुकानाची जुनी रीत. पूर्वी लोक बसथांब्याची पाटी वाचत. ती फलकाआड गेल्यापासून फलक वाचतात. आधी घोषवाक्य, मग छायाचित्रे, मग त्याखालची बारीक अक्षरे. वाचून झाले की वळून माझ्याकडे पाहतात. “अहो, हे तुम्हीच की! मग इथं कसे?” असे विचारतात. काका मला वाचवायला म्हणून सांगतात, “कंपनी सोडत नव्हती, मीच मागून आणला.” याने शरम कमी होत नाही, तिला साक्षीदार मात्र मिळतो. एका निवृत्त शिक्षकांनी तर फलकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, “नंबर चुकलाय वाटतं.” पुढे मी गिऱ्हाइकांना रस्त्याकडे पाठ करून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला लावू लागलो. त्यावर काका सर्वांदेखत ओरडले, “लांबचा चष्मा भिंतीला नाक लावून तपासतात का रे?”

४. या त्रासाला कंटाळून मी पहिला अर्ज केला. आपल्या कार्यालयाने कळवले, की फलक अखंड असल्याने त्यातील एकच छायाचित्र काढता येणार नाही. तसेच अर्जदार एका दुकानात कामास असल्याचे त्याच्याच अर्जावरून दिसते, सबब ‘नोकरीस लागलेले विद्यार्थी’ हे शीर्षक असत्य ठरत नाही. हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात एकही चूक सापडली नाही. खिडकी क्रमांक चारवरील लिपिक मात्र मायेने म्हणाले, “लोक फोटो लागावा म्हणून वशिला लावतात आणि तुम्ही काढायला निघालात? दाढी वाढवा, कोण ओळखतंय!” मी दाढी वाढवली. पहिल्याच आठवड्यात एक बाई फलक वाचून म्हणाल्या, “दाढी छान दिसते. तिथं नव्हती.”

५. इथवर मी स्वतःला केवळ दुर्दैवी समजत होतो.

मी दुकानात आलो त्याच महिन्यात काकांनी एका रिकाम्या दुपारी, तसल्याच यंत्राला विचारून, दुकानासाठी एक प्रोग्राम बनवून घेतला. डॉक्टर ज्या पद्धतीने चष्म्याचा नंबर लिहितात त्या पद्धतीने भिंगांचा कारखाना घेत नाही. तो उलटवून लिहावा लागतो. हे गणित काका आयुष्यभर मनातल्या मनात करीत आले. आता ते संगणक करणार होता. काका शाळा संपल्यावर सरळ गल्ल्यावर बसलेले. मी चार वर्षे आपल्या वर्गात बसलेला. ते म्हणाले, “बघ रे जरा, तुझ्या खात्यातलं आहे.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उभ्याउभ्या नजर फिरवली आणि “छान आहे” म्हणालो. नीट पाहिले असते आणि तरी चूक सापडली नसती, तर ती चार वर्षे मी कुठे ठेवणार होतो? या भीतीने मी पाहिलेच नाही.

६. माझ्या ताईच्या मुलीला यंदा आपल्याच विद्यापीठात प्रवेश घ्यायचा होता. ताईने तिला लहानपणापासून या फलकापुढून नेताना “मामासारखं नाव काढ” असे सांगितले होते. आता ताई तो रस्ता टाळते. भाचीने मात्र संगणकशास्त्रच घ्यायचे ठरवले. मी तिला म्हणालो, “नको घेऊस. चार वर्षं फुकट जातील.” तिने विचारले, “फुकट म्हणजे? तू काय काय शिकलास ते तरी सांग.” मी फडके घेऊन काचेची कपाटे पुसू लागलो. महोदय, मी तिच्या भल्यासाठी बोललो असे ताईला वाटले. खरे कारण असे, की उद्या ती यशस्वी झाली असती, तर दोष काळाचा नसून माझा होता हे उघड झाले असते. सख्ख्या भाचीबद्दल हा विचार मनात आला, याची मला लाज वाटते.

७. त्याच सुमारास तिला आमच्याच दुकानातून नवा चष्मा केला. दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, डोके ठणकते, फरशी तिरकी दिसते, समोरची बारीक अक्षरे फाटल्यासारखी दिसतात. काकांनी दुकानाचे ठरलेले वाक्य सांगितले, “नवा चष्मा आहे, डोळ्याला सवय होऊ दे.” गेले काही महिने हे वाक्य ते जरा जास्त वेळा म्हणत होते. माझ्या कानांवर ते रोज पडत होते. भाची चिवट. ती बाकावर बसली आणि मला म्हणाली, “मामा, डोळा माझा चुकतोय की तुमचं मशीन?”

८. उत्तर द्यायचे म्हणून मी कागद घेतला. दुसऱ्या वर्षाला आम्हांला एक प्राध्यापक होते. त्यांना आम्ही खडू सर म्हणत असू, कारण ते संगणकाचा विषय संगणक बंद ठेवून, फळ्यावर शिकवीत. ते म्हणत, “आज संगणक तुम्ही. एकेक ओळ वाचा आणि कुठल्या डब्यात काय पडलं ते लिहा. पुढं पळू नका.” आम्ही मागच्या बाकांवर हसत असू. त्या दुपारी मी भाचीला सरांचे हे बोलणे सांगितले आणि कागदावर डबे आखले. भाची प्रोग्रामची एकेक ओळ वाचू लागली, मी आकडे लिहू लागलो. तिच्या नंबरात भिंग एकशे वीस अंशांत तिरके बसवायचे होते. उलटवताना त्यात नव्वद मिळवायचे आणि बेरीज एकशे ऐंशीच्या वर गेली तर एकशे ऐंशी वजा करायचे, म्हणजे तीस. प्रोग्राम मात्र वर गेलेला प्रत्येक आकडा खोडून सरळ एकशे ऐंशी लिहून मोकळा होत होता. भाचीनेच बोट ठेवले. “इथं बघ. हा पुढं पळाला.”

(खडू सरांचा तो तास आता अभ्यासक्रमातून वगळल्याचे मला कळले. या मुद्द्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही, तरी नोंद व्हावी.)

९. हे शोधायला अर्धी दुपार पुरली. “छान आहे” म्हणालो त्या दिवशीही तेवढीच पुरली असती. मधल्या काळात अशा नंबराची जी जी माणसे आली, ती चुकीचे चष्मे लावून, डोके दाबत, डोळ्याला सवय होण्याची वाट पाहत होती. त्यांतले निवृत्त शिक्षक आपणांस आठवत असतील. त्यांचा नंबर खरोखरच चुकला होता. काकांनी फोन उचलला आणि एकेकाला परत बोलवायला सुरुवात केली. प्रत्येकाला “चूक आमची” असे म्हणत होते. मी शेजारी उभा होतो आणि त्या ‘आमची’मध्ये त्यांनी मला झाकून घेतले होते. नोकरी गेली तेव्हा मान खाली गेली होती; त्या दिवशी ती कशासाठी खाली जायला हवी होती, ते मला समजले.

१०. भाचीने संगणकशास्त्रात प्रवेश घेतला आहे. मी तिला पुन्हा नको म्हणालो नाही. चार वर्षांनी त्या पदवीला बाजारात काय भाव असेल, हे मला ठाऊक नाही आणि जे ठाऊक असल्याचे सांगतात त्यांचे नंबर मी तपासलेले नाहीत. पण फुकट जातील असे आता माझ्याने म्हणवत नाही. येत्या सोमवारी ती आपल्या प्रवेशद्वारातून पहिल्यांदा वर्गात जाईल. काल तिने सहज सांगितले, “मी सगळ्यांना दाखवणार आहे, तो तिसरा माझा मामा म्हणून.” तिच्या मैत्रिणी खालच्या दोन ओळी वाचतील आणि काही विचारतील. मग तिला एकतर गप्प बसावे लागेल, नाहीतर माझ्यासाठी खोटे बोलावे लागेल. ती खोटे बोलेल, एवढा तिचा माझ्यावर जीव आहे.

११. सबब, छायाचित्र काढण्याची माझी पूर्वीची मागणी मी मागे घेत आहे. चेहरा माझाच आहे, तो राहू द्यावा. कोटही राहू द्यावा. फक्त त्याखालच्या दोन ओळींवर सोमवारच्या आत पांढरा रंग मारावा. जागा रिकामी दिसत असल्यास, आपल्याच पत्राचा आधार घेऊन, तेथे ‘समोरच्या चष्म्याच्या दुकानात कामास’ असे लिहिण्यास माझी हरकत नाही. शिडी व रंग दुकानातून मिळेल. फलक मात्र काढू नये, अशी काकांची वेगळी विनंती आहे, कारण गिऱ्हाइकांना लांबचे वाचायला दुसरे काही उरलेले नाही.

ओळी फार बारीक आहेत, रस्त्यावरून कोण वाचतो, असा शेरा या अर्जावर पडू शकतो. त्याबाबत आधीच नम्रपणे कळवतो, की भाचीचा चष्मा मी स्वतः दुरुस्त करून दिला आहे. परवा तिला दुकानाच्या दारात उभे केले, तेव्हा तिने दोन्ही ओळी शेवटच्या अक्षरापर्यंत बिनचूक वाचल्या, आणि मग माझ्याकडे वळून न पाहता म्हणाली, “आता सगळं स्वच्छ दिसतंय, मामा.”

आपला नम्र, आणि दाढी काढल्यामुळे पुन्हा ओळखू येणारा,

(सही)
डावीकडून तिसरा

दिनांक : सत्र सुरू होण्यापूर्वीचा गुरुवार

सोबत : १) आपल्या कार्यालयाच्या पत्राची प्रत.
२) फलकाचे दुकानाच्या दारातून घेतलेले छायाचित्र, संबंधित दोन ओळींवर खूण करून.
३) काकांची हस्तलिखित विनंती, एक पान.