ऐकलेली तीनशे बारा पुस्तके व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पडदे शिवणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने करत नाही. मी सांगत आहे आणि माझी धाकटी नणंद, निवृत्त ग्रंथपाल, लिहून घेत आहे. मी स्वतः का लिहीत नाही याचा खुलासा पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, आतील भांडीकुंडी व बँकेत जे असेल ते सर्व माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. तिने खोल्या ठेवाव्यात किंवा विकाव्यात, माझी हरकत नाही. ती शाळेत असताना मी तिला रोज धडा मोठ्याने वाचायला लावत असे. आई कडक आहे, असे ती आजही लोकांना सांगते. ती कडकपणा समजत होती आणि मी धडा ऐकत होते. तिच्या दहा वर्षांच्या शिक्षणात माझेही फुकटात झाले. तिला हे माहीत नाही. आता कळेल.

कलम २. शिलाई मशीन, दोन मोठ्या कात्र्या व बॉबिनचा डबा कारखान्यातल्या माझ्या मैत्रिणीला, म्हणजे काजे करणाऱ्या काजवालीला द्यावा. तिची नजर अजून सुईसारखी आहे. बोथट झालेली तिसरी कात्री मुकादमांना द्यावी. मी मशीनवर पुस्तक ऐकत असताना त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या कानातली फोनची वायर ओढून काढली होती. "कान तिकडे, लक्ष तिकडे, मग शिवतंय कोण?" असे म्हणाले होते. हात शिवत होते. तीस वर्षांत माझा एकही पडदा परत आला नाही. मात्र मृत्युपत्रात खोटे नको म्हणून सांगते: एका पुस्तकातल्या खुनापायी पायाखालचे पेडल सुटले आणि तीन पडद्यांची टीप वाकडी गेली. ते मी जेवणाच्या सुट्टीत उसवून पुन्हा शिवले.

कलम ३. माझा फोन व त्यातली तीनशे बारा बोलकी पुस्तकेही काजवालीलाच मिळावीत. तिने मला एकदा विचारले होते, "दिवसभर कानात घालून तुझं डोकं भणभणत नाही का?" उलट आहे. सरळ टीप मारताना हात आपोआप चालतात आणि डोके रिकामे राहते. रिकाम्या डोक्यात माणूस जुनी भांडणे उकरतो. तिथे कोणी गोष्ट सांगत बसला तर संध्याकाळी घरी जाताना आपण कुठेतरी जाऊन आल्यासारखे वाटते. इस्त्री तापलेली असताना मात्र तिने एक कान मोकळा ठेवावा.

कलम ४. हे कलम माझ्या नणंदेबद्दल आहे आणि तिलाच लिहावे लागत आहे.

तेरा वर्षांपूर्वी तिच्या ग्रंथालयात दर शनिवारी वाचकांची बैठक भरत असे. त्या आठवड्याचे पुस्तक मी दोनदा ऐकले होते, म्हणून नवी साडी नेसून गेले. पुस्तकातल्या थोरल्या भावाने घर का सोडले यावर मी बोलले, आणि बरे बोलले. एका गृहस्थांनी विचारले, "हे कुठल्या पानावर आहे?" मी म्हणाले, "पान माहीत नाही. सहाव्या तासात आहे." सगळे हसले. त्यावर माझी नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही ऐकलंय. वाचलेलं नाही. इथे वाचणारे येतात."

मी चहा न घेता उठले. त्यानंतर ग्रंथालयाची पायरी चढले नाही.

आत्ता, हे लिहिताना, ती म्हणाली, "वहिनी, एवढं गाळूया."

"लिही," मी म्हणाले.

(लेखनिकाची नोंद: मी हे वाक्य बोलले होते. ते चुकीचे होते आणि सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून इथे लेखी देत आहे.)

ही नोंद तिने मला न विचारता घातली आणि मग वाचून दाखवली. राहू दे.

कलम ५. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस पालथे पडून राहायचे आणि वाचायचे नाही, असा हुकूम झाला. तिच्याकडे पाहायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी गेले. फोन पुढे केला तर म्हणाली, "नको. तो माणूस थांबतच नाही. मला एखादी ओळ चारदा वाचायची असते. आणि आवाज त्याचा, मग पुस्तक माझं कुठे उरलं? तुम्हीच वाचा ना, उशीजवळचं."

मी पुस्तक घेतले. ओळीखाली मोजपट्टी धरली. पहिल्या परिच्छेदाला चहा गार होईपर्यंत वेळ लागला.

"चष्मा विसरलात का?" तिने उशीतूनच विचारले.

"नाही."

"मग?"

"अक्षरं जागेवर राहत नाहीत. लहानपणापासून."

हे फक्त माझ्या नवऱ्याला, म्हणजे तिच्या भावाला, ठाऊक होते. विजेचे बिलसुद्धा तो मला वाचून दाखवत असे आणि त्याने कधी कोणाला सांगितले नाही. तोंड खाली असल्यामुळे तिला काय वाटले ते मला दिसले नाही. मग म्हणाली, "पुढे वाचा. मला घाई नाही."

आठवडाभरात नऊ पाने झाली. आठव्या दिवशी तिनेच फोनवर तेच पुस्तक लावायला सांगितले. पण दर दोन मिनिटांनी, "थांबवा. ते वाक्य परत लावा." इतक्यांदा थांबलो तर पुस्तक संपायचे कधी, असे मी विचारले. "संपवायची घाई कोणाला आहे?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत कुठे थांबावे असे माझ्या मनात आले नव्हते. थांबल्यावर कळले की काही वाक्ये माझ्या हातून सुटून गेली होती. तिनेही कबूल केले की त्यातल्या आईच्या मरणाचा प्रसंग तिने पूर्वी छापील पुस्तकात भरभर उलटला होता. आवाजाने तिला पळू दिले नाही.

कलम ६. तिला आता उजेड सोसत नाही. तिच्या घरातल्या चारही खिडक्यांच्या मापाचे अस्तर लावलेले पडदे शिवून कपाटात तळाशी ठेवले आहेत. ते तिचे. लावताना अस्तर काचेकडे करावे.

कलम ७. अखेरचे. माणसाचे कान सर्वांत शेवटी जातात, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून मी बोलेनाशी झाले की खोलीत रडारड करू नये व फोनवरचे पुस्तकही लावू नये. नणंदेने छापील पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसावे आणि वाचावे. तिला वाटेल तिथे थांबावे, वाटेल ती ओळ परत वाचावी. मध्येच माझा श्वास थांबला तरी वाचन थांबवू नये. ते प्रकरण पूर्ण करावे, मग मुलीला हाक मारावी.

वरील सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. माझ्या सांगण्यावरून दोन ठिकाणी दुरुस्त केला. मला तो मान्य आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ११ जानेवारी, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार: (सही) पडदे शिवणारी
लेखनिक: (सही) नणंद
साक्षीदार १: (सही) खालच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई
साक्षीदार २: (सही) शेजारचे निवृत्त पोस्टमन