मनगटावरची टकटक

शनिवार, ७ जानेवारी. दुपारी १
आजपासून दर शनिवारी दोन ते पाच कर्णबधिर मुलांच्या शाळेत सेवा. निर्णय पक्का. माझे उच्चार स्वच्छ आहेत (वक्तृत्वाचा कप, ओळीने तीन वर्षं). त्याचा मुलांना फायदा होईल. आई म्हणाली, आधी घरात स्वतःचं ताट उचल. दादा म्हणाला, तुझी भाषणं सोसणारी माणसं सापडली म्हणायची अखेर. दोघांनाही क्षमा केली.

तोच दिवस, संध्याकाळी
मुख्य बाई जरा कोरड्या आहेत. म्हणाल्या, कॉलेजच्या मुली येतात, चार शनिवार कौतुक करतात आणि गायब होतात. मागची गेली तेव्हा एक मुलगी आठवडाभर धड जेवली नाही. टिकणार नसशील तर आजच सांग. मी ठासून म्हटलं, मी त्यांतली नाही.
जी जेवली नाही ती मुलगी पाहिली. आठ वर्षांची, शाळेच्या वसतिगृहातच राहते. इथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. तिचं नाव म्हणजे खांद्यावरून खाली लांब वेणी सोडल्याची खूण. मी तिला वेणीच म्हणणार.
साडेतीनला निघाले. पहिल्याच दिवशी अति नको.

शनिवार, १४ जानेवारी
बस चुकली. पावणेतीनला पोचले. मुलांना एक कविता सावकाश, मोठ्याने म्हणून दाखवली. सगळी माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. असे श्रोते कॉलेजात मिळत नाहीत. बाई म्हणाल्या, ओरडू नकोस, त्यांना फरक पडत नाही, पण शेजारच्या इमारतीतून तक्रार आली आहे.
चारला निघाले. मैत्रिणीकडून नोट्स घ्यायच्या होत्या. मी घड्याळ पाहिलं मात्र, वेणी धावत गेली आणि खुंटीवरची माझी पर्स घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं. दोन भेटींत इतके शिष्टाचार! सहवासाचा परिणाम.

शनिवार, २१ जानेवारी
मला खुणेचं नाव मिळालं!! मनगटावर, घड्याळ असतं त्या जागी, दोन बोटांनी टकटक. मी दारात दिसताच सगळ्यांनी एकदम केली. अर्थ उघड आहे: वक्तशीर. आज वीस मिनिटं उशीर झाला होता, पण मुलांची मनं मोठी असतात.
घरी सांगितलं. आईला बराच वेळ खोकला येत होता.

शनिवार, २८ जानेवारी
शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात नाटक बसवणार. मीच लिहिलं आहे. 'न्यायी राजा'. राजा वेणी. हाक मारून उपयोग नाही, म्हणून मी स्टेजसमोर उभी राहून खुणा करणार. निश्चय: रोज एक तास खुणांचा अभ्यास.
वेळापत्रक आखायचं होतं म्हणून साडेतीनला निघाले. चार रंगांत आखलं. सुंदर झालं आहे.

शनिवार, ४ फेब्रुवारी
गेले नाही. सर्दी. मैत्रिणींनी सिनेमाची तिकिटं काढून ठेवली होती, हा निव्वळ योगायोग. अंधारात नाकाला बरं वाटलं.

शनिवार, ११ फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, वेणी गेल्या शनिवारी पाचपर्यंत फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, नाटकाची ओढ! बाई चष्मा पुसत राहिल्या.
तालीम ठीक. प्रधान 'चोराला माफ करा' म्हणायच्या जागी 'चोराला आंघोळ घाला' म्हणतो. बाईंचं म्हणणं, तू दाखवलंस तेच तो करतो. वाद घातला नाही. आता बदलायला वेळ नाही. चोराला आंघोळ घालायची ठरलं. बादली बाईंनी दिली.

शनिवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी
हॉल भरलेला. सुरुवात उत्तम. वेणी पुठ्ठ्याचा मुकुट घालून सिंहासनावर ताठ बसली होती, नजर फक्त माझ्यावर. मग प्रधान चोराला आंघोळ घालू लागला. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, अगदी निगुतीने. संपेचना. मी त्याला खूण केली, आटप. म्हणजे घड्याळावर टकटक.
प्रधान थांबला. चोर थांबला. वेणी सिंहासनावरून उठली, मुकुटासकट पायऱ्या उतरली, खुर्चीवरची माझी पर्स उचलली आणि माझ्या खांद्याला अडकवली. बाकीची मुलं रांगेत उभी राहून मला टाटा करू लागली. पाहुण्यांना वाटलं नाटक संपलं. टाळ्या वाजल्या. वेणीने टाटा केला नाही. ती परत वर जाऊन बसली, भिंतीकडे तोंड करून.
बाईंना म्हटलं, मुलांचा जरा गोंधळ झाला. बाई म्हणाल्या, गोंधळ कसला? ते तुझं नाव आहे. 'जाणारी'. आल्यापासून घड्याळ बघतेस, तेच घेतलं त्यांनी.
घरी दादाने विचारलं, कसं झालं? म्हटलं, टाळ्या पडल्या.
जेवले नाही. भूक नव्हती.

शनिवार, २५ फेब्रुवारी
घड्याळ कपाटात ठेवलं. अंदाजाने निघाले. फाटक बंद. शिपाईमामा म्हणाले, ताई, आत्ता कुठे सव्वा वाजतोय. बाहेर कट्ट्यावर बसले.
वेणी सगळ्यांच्या शेवटी आली. माझ्या मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा तिने पाहिला. बोट ओलं करून घासूनही पाहिला. मग मणी ओवत बसलो. आज कविता म्हटली नाही. तिनेच मला चोराला माफ कसं करतात ते शिकवलं. सोपं आहे.
पण पाचपर्यंत थांबायचं तर पाच वाजले हे कळायला नको? वेणीला विचारलं. किती वाजले, याची खूण मला एकच येते.
तिने पर्स आणून दिली. मी ती खुंटीला अडकवली. तिने परत आणली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ती पर्स मांडीवर घेऊन, तिचा पट्टा दोन्ही मुठींत धरून, माझ्याशेजारी बसली.
शेवटी बाई आल्या. म्हणाल्या, सहा वाजले, मला कुलूप लावायचं आहे, जा आता.
वेणीने पर्स सोडली नाही. बसचा पास तीतच आहे. चालत घरी आले.