एकोणीस वर्षांचा दांडा

सणसवाडी
२० एप्रिल १९९९

ती. कोंडिबा मामांस,

संघर्ष आणि दीक्षा यांचा जय भीम. आम्ही दोघं बरी आहोत. तुमच्या डोळ्यावर अजून पट्टी आहे आणि हे पत्र मामीच वाचून दाखवणार, असं धरून लिहितो. (मामी, सावकाश वाचा. घाई नको.) थेंब वेळेवर घाला.

बुद्धपौर्णिमेला पट्टी सोडून थेट इकडं येणार आणि आल्या आल्या दांडा बघणार, असा निरोप मिळाला. जरूर या. लग्नात तुम्ही तुमची वापरातली कुऱ्हाड दिलीत तेव्हा लोक हसले होते. (दीक्षाकडच्यांनी मिक्सर दिला होता. तो दुसऱ्याच वर्षी जळाला.) कालव्यावरच्या बाभळीचा, तुम्ही स्वतः तासलेला, कधीही न बदललेला दांडा, आता त्याचं एकोणिसावं वर्ष. त्याचे नियम मी पाळतो. उन्हात ठेवत नाही. जयंतीला आणि दिवाळीला जवसाचं तेल कोमट करून, तो पिईनासा होईपर्यंत पाजतो. बंबासाठी लाकूड फोडताना घाव अडकला तर पिरगाळत नाही. पाण्यात तर कधीच घालत नाही. “दांड्याला पाणी म्हंजी माणसाला दारू. आधी फुगतो, मग ढिला पडतो,” हे तुमचं बोलणं दीक्षाला पाठ आहे. (ती ते मला वेगळ्या कारणानं ऐकवते.)

आमचे घरमालक हौसराव यांनी मात्र ते ऐकलेलं नव्हतं. केबलच्या वायरीला सुबाभळीची फांदी घासत होती आणि रविवारी मॅच होती, म्हणून शनिवारी ते कुऱ्हाड मागायला आले. मी नियम सांगायला तोंड उघडलं. “मास्तर, मला नका शिकवू. लाकडं फोडण्यात हयात गेली आमची.” (मी कंपनीत स्टोअरला आहे, पेपर वाचतो म्हणून मास्तर. त्यांची हयात सोसायटीच्या निवडणुकांत गेली.) दुसऱ्याची वस्तू म्हणून त्यांनी काळजी घेतली, म्हणजे कुऱ्हाड दिवसभर हौदात बुडवली आणि दुसऱ्या दिवशी पत्र्यावर उन्हात वाळवली. दुपारी मॅच रंगात आली, चित्र थरथरायला लागलं, तेव्हा ते शिडीवर चढले. पहिला घाव फांदीला बसला. दुसऱ्या घावाला पातं दांडा सोडून निघालं, वायर तोडून पुढं गेलं आणि हौसरावांच्याच पाण्याच्या टाकीत घुसलं. अकरा खोल्यांतली सगळी माणसं बाहेर आली. “चाचा, लास्ट ओव्हर था!” असं एकजण अगदी रडवेला होऊन म्हणाला. टाकीचं पाणी सगळ्यांच्या चपलांवरून वाहत होतं. हौसराव हातात नुसता दांडा धरून शिडीवर उभे होते. दांडा फिरवून बघितला आणि म्हणाले, “दांडा शाबूत हाय.”

तर मामा, दांडा शाबूत होता. हे कळवावं म्हणूनच पत्र. मामींना जय भीम.

तुमचा भाचा,
संघर्ष

ता. क. मामी, इथून पुढचं मनात वाचा. मामांनी विचारलं तर दीक्षानं लोणच्याची कृती मागितली आहे म्हणून सांगा. दांडा शाबूत होता तो सोमवारपर्यंत. पातं परत बसवताना पाचर मीच जास्त ठोकली आणि दांडा वरून हातभर चिरला. पौर्णिमेच्या आत तसाच एक दांडा, तेल पाजून, चुलीच्या धुरावर काळा करून, ओळखीच्या कंडक्टरकडं द्या.

आणखी ता. क. तुम्हाला जमेल का, असं मी विचारत नाही. दांड्याचा जो भाग पात्याच्या आत लपलेला असतो, तिथं तुमच्या म्हस्कू सुतारानं पेन्सिलीनं लिहिलेलं तुमचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं: ‘रंभाबाई, पाटस. तिसरा.’ चौथ्यावर काही लिहू नको म्हणावं. मामांना आता दिसणार आहे.